प्रिंटर स्वस्त घेऊ नका, लेबल स्वस्त पाडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बचत गटांच्या बायकांनी आता ऑनलाइन विक्रीत उतरावं असा लेख तुमच्या पुरवणीत नुकताच वाचला, चांगला होता, फोटो कसे काढायचे, ब्रँडला नाव काय द्यायचं, इन्स्टावर रील कशी टाकायची सगळं होतं, पण ऑर्डर आल्यानंतर पुढे काय हे मात्र एका ओळीत उरकलं होतं, पार्सल पॅक करा आणि कुरिअरला द्या. अहो त्या एका ओळीत आमचं अख्खं ऑफिस बसलंय! म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापायचं असेल तर कापा पण हिशोबाचा भाग तेवढा ठेवा.

मी सांगलीत हळद, कांदा-लसूण मसाला आणि बेदाणा घरपोच पाठवणाऱ्या एका छोट्या ऑफिसात डिस्पॅच बघते. ओळखीपाळखीतून, गटांमधून, मिरज-तासगावकडून सारखा एकच प्रश्न येतो, ताई पार्सलवरचं पत्त्याचं लेबल काढायला स्वस्तातला प्रिंटर कुठला घेऊ? आणि मी उलट विचारते की रोजची पार्सलं किती, आणि ते लेबल किती दिवस टिकायला हवंय? बहुतेकांना हा प्रश्नच विचित्र वाटतो. पण प्रिंटरची किंमत तुम्ही एकदा मोजता आणि लेबलची किंमत रोज मोजता, दुकानदार पहिली सांगतो, दुसरी सांगत नाही.

आधी हिशोब. मी आकडे "समजा" म्हणून धरते, तुमच्या गावचे भाव तुम्ही घाला. घरोघरी आणि ऑफिसात तो काळा-पांढरा लेझर प्रिंटर असतो ना, १२ए टोनरवाला, ज्याचं टोनर कोपऱ्यावरचा मुलगा रिफिल करून देतो, त्या टोनरवर कंपनीच साधारण २००० पानं सांगते, पण ती पानं म्हणजे ५ टक्के शाईची पानं, म्हणजे साध्या पत्रासारखी मोकळी. लेबलवर जाड बारकोड, क्यूआर, मोठे अक्षर, चौकटी असतात, म्हणून आपण हजारच धरू. रिफिल समजा ३०० रुपये, म्हणजे लेबलमागे ३० पैसे. ए-फोर कागदाचं ५०० चं रिम ३०० ला धरलं तर पान ६० पैसे, अर्ध्या पानावर लेबल बसवलं तर ३०. इथपर्यंत झाले ६० पैसे आणि इथेच सगळे थांबतात आणि म्हणतात बघा किती स्वस्त! पण ते अर्धं पान खोक्यावर चिकटतं कशाने? चारही बाजूंनी पारदर्शक टेपने. अर्ध्या ए-फोरचा घेर होतो जवळपास ७२ सेंटीमीटर, ६५ मीटरच्या टेपच्या बंडलात अशी ९० लेबलं बसतात, बंडल ४० ला धरलं तर आणखी ४४ पैसे. म्हणजे शाई राहिली बाजूला, टेपच सगळ्यात महाग पडली! एकूण १ रुपया ४ पैसे, आणि वर कापायला, चिकटवायला पाऊण मिनिट गेलं ते वेगळं.

आता थर्मल लेबल, म्हणजे शाईऐवजी उष्णतेने छापलं जाणारं. १०० बाय १५० मिलिमीटरचं, ज्याला बाजारात चार बाय सहा म्हणतात, ५०० लेबलांचा रोल समजा ३५० ला मिळाला तर एक लेबल ७० पैशांना. शाई नाही, टोनर नाही, टेप नाही, मागचा कागद सोलला की चिकटलं. म्हणजे लेबलमागे ३४ पैसे वाचले. वा! पण थांबा, प्रिंटर समजा ८००० चा. रोज ५ पार्सलं जात असतील तर दिवसाला पावणेदोन रुपयांच्या आसपास वाचतात, मशीनचे पैसे फिटायला बारा वर्षांहून जास्त लागतील, तोवर ते मशीन भंगारात गेलेलं असेल. म्हणून रोज पाच-सात पार्सलं असणाऱ्यांनी काहीच घेऊ नका. आहे तो लेझर चालवा. हे मी सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो, त्यांना मशीनचं नाव हवं असतं.

रोज ५० पार्सलं असतील तर गोष्ट बदलते. मालात दिवसाला १७ रुपये वाचतात, त्याने मशीन फिटायला तरी वर्षाच्या वरच जाईल, पण पन्नास वेळा पाऊण मिनिट म्हणजे ३७ मिनिटं होतात, आणि ती ३७ मिनिटं नेमकी कुरिअरवाला दारात उभा असतानाची असतात. दोन बायका कात्री आणि टेप घेऊन बसलेल्या असतात त्या मोकळ्या होऊन मसाला भरतात. खरी बचत तिथे आहे, शाईत नाही. माझ्या मते वीसच्या आसपास रोजची पार्सलं झाली की थर्मल घ्यायचा विचार करावा, त्याखाली नाही. यावर कुणाचं दुमत असेल तर त्यांनी आपली टेप मोजून बघावी.

इंकटँकचं, म्हणजे बाटलीतून शाई भरायच्या प्रिंटरचं काय असं विचारतात. रंगीत छपाई पैशांत पडते हे खरंय, पोरांचे प्रोजेक्ट, मेनूकार्ड, ग्रीटिंग यासाठी मस्त. पण लेबलसाठी मी नाही म्हणते, कारण बहुतेक इंकटँकची शाई पाण्यात विरघळणारी असते, काही मॉडेलमध्ये काळी शाई पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या बारीक कणांची असते ती जरा तग धरते पण रंगीत बाटल्या सहसा डायच्या, म्हणजे विरघळणाऱ्या रंगाच्या. जुलैत कोल्हापूर-सांगली पट्ट्यातून किंवा कोकणातून निघालेलं पार्सल टेम्पोतून उतरेपर्यंत ओलं होणार हे गृहीतच धरायचं, बारकोडच्या रेघा एकमेकीत मिसळल्या की तो कागद कुणाच्या कामाचा नाही. शिवाय चार दिवस प्रिंटर बंद राहिला की नॉझल सुकतात, मग हेड क्लीनिंग मारा, त्यात शाई जाते. लेझरचं टोनर म्हणजे प्लास्टिकची बारीक पूड असते, गरम रोलरने कागदावर वितळवून बसवलेली, त्यामुळे ती पाण्याने पसरत नाही. कागद फाटेल पण अक्षर पळणार नाही.

लेझरमध्ये ए-फोरची स्टिकरशीट घालून टेप वाचवता येते, पण एकच पथ्य, त्यातले दोन स्टिकर सोलून उरलेली अर्धी शीट परत आत घालू नका, आत गरम असतं, गोंद ड्रमला किंवा रोलरला लागला की दुरुस्तीवाल्याला बोलवा. आणि लेझर प्रिंटर छोट्या यूपीएसवर लावू नका, रोलर तापवताना तो एकदम खूप करंट ओढतो. थर्मलचं उलट आहे, तो बारक्या अडॅप्टरवर चालतो, लाइट गेली तरी साध्या इन्व्हर्टरवर डिस्पॅच चालू राहतं. आमच्याकडे मेमधल्या वळवाच्या पावसात याची किंमत कळते.

आता थर्मलमध्ये दोन जाती आहेत आणि इथेच लोक फसतात. एक डायरेक्ट थर्मल. यात कागदालाच रसायन लावलेलं असतं, मशीनचं छापणारं हेड तापलं की तेवढा ठिपका काळा होतो, एटीएमच्या पावतीसारखं. दुसरी थर्मल ट्रान्सफर, यात मेणाची किंवा रेझिनची काळी रिबन असते, हेड तिला तापवून काळा थर लेबलवर उतरवतं. डायरेक्टचं लेबल ऊन, उष्णता, तेल, घासणं याने फिकं पडतं किंवा उलट सगळंच काळवंडतं. एटीएमची पावती सहा महिन्यांनी कोरी होते तेच. पण कुरिअरच्या लेबलला जगायचंय किती, आठ-दहा दिवस! पार्सल पोचलं की त्याचं काम संपलं. त्यासाठी डायरेक्ट थर्मल पुरेसं आहे, रिबनचा खर्च उगाच कशाला.

मसाल्याच्या पाकिटावरचं लेबल मात्र वेगळं. त्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या परवान्याचा १४ आकडी नंबर, बॅच, पॅकिंगची तारीख, वजन, एमआरपी, हिरवा ठिपका हे सगळं गिऱ्हाईकाच्या डब्याशेजारी सहा महिने वाचता आलं पाहिजे आणि मसाल्याचं तेल पाकिटावर येतंच येतं. तिथे डायरेक्ट थर्मल लावलं तर तारीखच गायब होईल आणि मग तपासणीला कोण आलं तर काय दाखवणार. तर ज्यांना दोन्ही कामं आहेत त्यांनी थोडे जास्त पैसे घालून ट्रान्सफरचं मशीन घ्यावं, कारण त्यात रिबन काढून ठेवली की डायरेक्टचं काम पण होतं, उलटं होत नाही. रिबन लांबीवर संपते हे लक्षात ठेवा, लेबलवर चार अक्षरं असोत की अख्खं रामायण, रिबन तेवढीच सरकते. ३०० मीटरच्या रिबनमध्ये चार बाय सहाची साधारण १९५० लेबलं निघतात, म्हणून मोठ्या लेबलला रिबन महागात पडते, छोट्या पाकिटाच्या लेबलला नाही.

नावं विचाराल तर इकडे दुकानात टीएससी, झेब्रा, टीव्हीएस ही नावं जास्त ऐकू येतात, आणि ऑनलाइन बघाल तर न ऐकलेल्या नावांचा पूर आहे. मी कुठल्याही एकाची जाहिरात करणार नाही. मी फक्त चार-पाच गोष्टी बघायला सांगते. हेडची रुंदी चार इंच हवी. दोन इंची ब्लूटूथवाले प्रिंटर येतात, मोबाइलवरून चालतात, दिसायला गोड आणि स्वस्त, ते किमतीच्या चिठ्ठ्या काढायला ठीक, पण कुरिअरचं चार बाय सहाचं लेबल त्यात बसत नाही. मग लोक काय करतात, लेबल लहान करून तीन इंचीवर काढतात. ते का चालत नाही ते सांगते. डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके, २०३ डीपीआयच्या हेडमध्ये एका मिलिमीटरात ८ ठिपके असतात, म्हणजे एक ठिपका ०.१२५ मिलिमीटरचा. बारकोडची सगळ्यात बारीक रेघ समजा दोन ठिपक्यांची आहे. तुम्ही लेबल ७५ टक्के केलं की ती रेघ दीड ठिपक्याची होते, आणि अर्धा ठिपका काही छापता येत नाही, मग मशीन कुठे एक छापतं कुठे दोन, आणि स्कॅनर गोंधळतो. क्यूआर कोडमध्ये थोडंफार बिघडलेलं सावरून घ्यायची सोय असते, रेघांच्या बारकोडमध्ये तशी नसते. म्हणून छापताना फिट टू पेज कधीच नको, अ‍ॅक्च्युअल साइज, १०० टक्के. निम्मी लेबलं स्कॅन होत नाहीत ही तक्रार एवढ्याने सुटते, आणि लोक मात्र ३०० डीपीआयचं महाग मशीन आणायला निघतात. ३०० हवं ते औषधांच्या नाहीतर दागिन्यांच्या एवढ्याश्या लेबलांना, आपल्याला २०३ रग्गड झालं.

हेडचं आयुष्य किलोमीटरमध्ये मोजतात, गाडीसारखं! समजा कंपनीने २५ किलोमीटर सांगितलं, तर चार बाय सहाचं एक लेबल मधल्या फटीसकट १५३ मिलिमीटर धरा, दीड लाखाच्या वर लेबलं निघाली, म्हणजे रोज ५० असतील तर वर्षानुवर्षं बघायला नको. पण ते हेड पुसत राहिलात तर. दर रोल बदलताना आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकं पुसायचं, नख किंवा कटर लावायचं नाही. छपाई फिकी आली की लोक डार्कनेस शेवटच्या आकड्यापर्यंत वाढवतात, त्याने हेड लवकर जातं, आधी पुसून बघा, वेग कमी करून बघा.

सेकंडहँड घेणार असाल तर समोर पूर्ण काळा पट्टा छापून दाखवायला सांगा. त्यात उभी पांढरी रेघ आली तर तिथला ठिपका मेलेला आहे. ज्या बारकोडच्या रेघा कागद सरकतो त्याच दिशेने उभ्या असतात त्यातली एखादी रेघच त्यामुळे उडते आणि कोड वाचला जात नाही, रेघा आडव्या असतील तर प्रत्येकीत फक्त एक छोटं छिद्र पडतं आणि बहुतेक वेळा चालून जातं. पण मेलेल्या हेडचं मशीन स्वस्त म्हणून घेऊ नये, नवीन हेडच्या किमतीत सगळी स्वस्ताई बुडते. दुसरं, रोलच्या मधली नळी बघा, टेबलावरच्या छोट्या मशीनला सहसा एक किंवा दीड इंची नळी लागते, कारखान्याच्या मोठ्या मशीनचे तीन इंची नळीचे रोल स्वस्त दिसले म्हणून आणले तर ते आत बसतच नाहीत. आणि नवीन मशीनवर एक लेबल छापलेलं एक कोरं असं यायला लागलं तर मशीन परत पाठवू नका, लेबलचा साइज आणि फट सेटिंगमध्ये बरोबर घाला, सेन्सर कॅलिब्रेट करा, बहुतेक वेळा तेवढंच असतं.

रोल फार साठवू नका. पत्र्याच्या गोडाऊनमध्ये एप्रिल-मेला डायरेक्ट थर्मलचे रोल कडेने करडे पडतात. लेबल चिकटवल्यावर त्यावर टेप मारू नका, टेपच्या चकाकीने स्कॅनर चुकतो आणि काही टेपच्या गोंदाने अक्षर फिकं पडतं. पत्ता मात्र मोठा आणि स्पष्ट ठेवा, बारकोड फाटला तरी शेवटी पिनकोडनेच पार्सल गावाला पोचतं. १९७२ साली १५ ऑगस्टला हा सहा आकडी पिनकोड आला, तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले रत्नागिरीकडचे, संस्कृत कवी, हे आमच्या ऑफिसातल्या पोरींना सांगितलं की खरं वाटत नाही. आपल्या ४१६४१६ मधला पहिला ४ वाचला की पार्सल पश्चिमेकडे निघालं.

दोन गोष्टी ज्या कुणी बोलत नाही. एक, विक्रीच्या पोर्टलवरून लेबल ए-फोरच्या पीडीएफमध्ये खाली बिल जोडून येतं, ते चार बाय सहात कापायला लोक कुठल्याही फुकट वेबसाइटवर ती फाइल चढवतात. त्या फाइलमध्ये शेकडो गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, फोन नंबर असतात! २०२३ साली डिजिटल डेटा संरक्षणाचा कायदा झालाय आणि आपण मात्र गिऱ्हाइकांची यादी अनोळखी माणसाच्या हातात देतोय. बऱ्याच पोर्टलवर सेटिंगमध्येच थर्मल साइज निवडता येतो, आधी तिथे बघा, नसेल तर आपल्या कॉम्प्युटरवर चालणारं सॉफ्टवेअर वापरा.

दुसरं, थर्मल कागदाच्या रसायनात बीपीए म्हणजे बिस्फेनॉल-ए हे अंगाला अपायकारक मानलेलं रसायन असू शकतं. युरोपात जानेवारी २०२० पासून थर्मल कागदात ०.०२ टक्क्यांच्या वर बीपीए चालत नाही. आपल्याकडे रोल घेताना बीपीए-फ्री आहे का हे विचारायची पद्धतच नाही, दुकानदार आपल्या तोंडाकडे बघतो. तरी विचारा. ज्या हाताने लेबल लावलं त्याच हाताने लगेच मसाला भरायचा नाही, हात धुवायचा, टेबल वेगळं ठेवायचं. आणि ते लेबल, त्याचा मागचा सिलिकॉनचा गुळगुळीत कागद रद्दीत घालू नका, रद्दीवाल्याच्या बाकीच्या कागदाची पण वाट लागते.

पैशाचं म्हणाल तर खाद्यपदार्थ बनवणाऱ्या गटांना केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत, ज्याला सगळे पीएमएफएमई म्हणतात, खेळतं भांडवल आणि छोट्या साधनांसाठी सदस्यामागे ४० हजारांपर्यंत बीज भांडवल मिळायची तरतूद केलेली आहे, ती आत्ता चालू आहे का ते आधी विचारा. त्यातून शेगडी, वजनकाटा, सीलिंग मशीन सगळे घेतात, लेबल प्रिंटरचं नाव कुणाला सुचत नाही. उमेदच्या, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या बाईंना विचारून बघायला काय हरकत आहे. दहा-बारा गटांनी मिळून गावात एकच मशीन ठेवलं आणि प्रत्येकीने आपल्या फाइल आणून छापल्या तर पाच-पाच पार्सलं असणाऱ्यांना पण ते परवडेल, मगाशी केलेला हिशोब तिथे बदलतो. जीएसटी नंबर असेल तर बिल फर्मच्या नावाने घ्या, इनपुट क्रेडिट मिळू शकेल, म्हणजे खरेदीवर भरलेला कर वळता होईल.

संपादक साहेब, माझी मागणी एवढीच की गटांच्या प्रशिक्षणात एक दिवस डिस्पॅचचा ठेवा असं तुम्ही तुमच्या पुरवणीतून सुचवावं, आणि तिथे मशीन विकणाऱ्याला नाही तर रोज पार्सल लावणाऱ्या बाईला बोलवावं. आणि हे पत्र छापायचं असेल तर कृपया नवरात्राच्या आधी छापा. दिवाळीच्या फराळाची अमेरिका-दुबईची पार्सलं सुरू झाली की चार बाय सहाचे रोल बाजारातून गायब होतात आणि मिळाले तर चढ्या भावाने, ज्यांना घ्यायचे आहेत त्यांनी आत्ताच दोन-तीन रोल आणून सावलीत ठेवलेले बरे.

आपली,
डिस्पॅच सांभाळणारी एक वाचक, सांगली